रिकाम्या ट्रकाचं वजन

"सर, कुठला शेअर घेऊ?" असं कुणी विचारलं की आमचे सर उलट विचारायचे, "तुझ्या घरा जेवूक कधी येवं?" नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ फी म्हणून जेवण मागतो आहे. जुने लोक हसायचे आणि सांगायचे, बुधवारी या, सोमवारी आमच्यात नुस्तं, म्हणजे मासळी, नसतं.

डिचोलीच्या बाजारात एका पदेराच्या माडीवर सरांचं ऑफिस होतं. खाली पदेर पाव भाजायचा, वर आम्ही म्युच्युअल फंडांचे फॉर्म भरायचो. मी बी.कॉम. होऊन घरात बसले होते आणि आईच्या टोमण्यांना कंटाळून तिथे लागले. वाटलं होतं, शेअर बाजाराचं ऑफिस म्हणजे भिंतीवर टीव्ही असेल, हिरवे-तांबडे आकडे पळत असतील, फोनवर कुणीतरी घे घे, वीक वीक ओरडत असेल. तिथे होतं काय, तर एक मेज, चार कदेली, म्हणजे खुर्च्या, आणि एक बाकडं. टीव्ही होता, पण त्याच्या कोपऱ्याला सरांची छत्री टांगलेली असायची आणि तो चालू केलेला मी कधी पाहिला नाही. बाजार कसा आहे म्हणून कुणी विचारलं तर सर जनेलातून खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "भेंडी म्हारग जाली." विचारणारा आल्या पावली जिना उतरायचा. मला पहिल्या आठवड्यातच वाटलं की मी भलत्या ठिकाणी आले आहे.

सर म्हणायचे सगळे, पण त्यांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते खाणीवर काट्यावर कारकून होते, म्हणजे खनिजाचे ट्रक जिथे तोलतात तिथे. खाण बंद पडली, नोकरी गेली, आणि हातात आलेल्या पैशांचं काय करावं हे शोधता शोधता त्यांनी फंडांची परीक्षा दिली. मग खाणीवरचेच लोक त्यांना विचारायला येऊ लागले. त्यांचं शास्त्र काट्यावरचंच होतं. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला, नाहीतर आतला माल किती ते कळत नाही. माणूस पैसे घेऊन माडी चढतो तेव्हा तो भरलेला असतो, मोठमोठं बोलतो. त्याला घरी जाऊन रिकामा बघितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

आणि या तोलामापासाठी स्कूटर माझी. सरांना सायकलसुद्धा येत नव्हती. मागे छत्री छातीशी धरून बसायचे आणि प्रत्येक गतिरोधकावर "देवी माये" म्हणायचे. पेट्रोलचे पैसे मागितले की द्यायचे, पण वर खालच्या पदेराकडच्या पोयांची, म्हणजे कोंड्याच्या पावांची, पिशवी हातात द्यायचे, म्हणजे पुढच्या वेळी मागायची चोरी. पेडण्यापासून साखळीपर्यंत आम्ही किती घरांत जेवलो असू, याचा हिशेब नाही. जेवता जेवता सर बघत असायचे. फळीवर औषधांच्या पट्ट्या किती, विहिरीला रहाट आहे की पंप, म्हातारी न्हाणीघरात कशी जाते. पेडण्याच्या एका शिक्षिकेने व्हिडिओ बघून तीन फंड निवडून ठेवले होते आणि त्यातला एक सांगा म्हणत होती. सर पेज प्यायले, तिच्या सासऱ्यांचा खोकला ऐकला, आणि म्हणाले, आधी यांना म्हापशाला डॉक्टरकडे ने, फंड पळून जात नाही. ती चांगलीच रागावली. एवढ्यासाठी मी माशांना पैसे घातले का, असा तिचा चेहरा होता. सरांनी तो न बघितल्यासारखं करून कढी मागून घेतली.

एक सरकारी नोकरीतला मुलगा होता, नवं लग्न झालेला, डोकं चालणारा. त्याला फंड नको होते, स्वतः शेअर निवडायला शिकायचं होतं. सर त्याला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेऊन गेले. मीही गेले, मला मिरच्या घ्यायच्या होत्या. सरांनी त्याला सांगितलं, मिरचीचा भाव विचार, हातात घेऊन बघ, देठ बघ, वास घे, आणि न घेता पुढे चल. पहिल्या दोघींनी काही म्हटलं नाही. तिसरीने विचारलं, घ्यायची नाही तर हाताळलीस कशाला? चौथीने त्याच्या आईबापाची चौकशी केली. पाचव्या ठिकाणी तो लाजेने लालबुंद झाला आणि पाकीट काढू लागला. सरांनी त्याचा हात धरला. "गाळी खावन, काय घेतल्याबगर परत येवंक जमता त्याणीच बाजारात वचचां," ते म्हणाले. तो बिचारा सगळा बाजार शिव्या खात फिरला. मला मात्र त्याच बायकांकडून मिरच्या घ्याव्या लागल्या, आणि त्या चढ्या भावाने.

घाई असलेल्या माणसाला सर एकच सांगायचे, घाई असेल तर बस धर, फंड धरू नको. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी कुणी जिना धावत चढताना दिसला की मीच म्हणून टाकायचे.

लॉकडाऊनच्या सुरुवातीला बाजार कोसळला, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. ऑफिस बंद, लोक घरात, आणि प्रत्येकाच्या फोनवर बुडाले, बुडाले असा गजर. मला वाटलं, आता सगळे विकायला लावणार आणि मग सरांना शिव्या देणार. सरांनी आपल्या बहिणीच्या घरात बसून एकेकाला फोन लावला. पैशांचं अक्षर काढलं नाही. तांदूळ आहेत का, आईच्या गोळ्या मिळाल्या का, गॅस किती आहे. एकाला पेडण्यात तांदूळ मिळत नव्हते, त्याच्या शेजाऱ्यालाच फोन करून दोन पायली पाठवायला लावले. लोक विकायचं बोलायलाच बसलेले असायचे, पण ज्याने तांदळाची चौकशी केली त्याला "माझे पैसे काढा" कसं म्हणणार? बहुतेकांनी म्हटलं नाही. काहींनी म्हटलं, त्यांचे सरांनी मुकाट काढून दिले.

इतका सावध माणूस, पण त्यांच्याजवळही एक मेलेला शेअर होता. बंद पडलेल्या कुठल्याशा गिरणीचा, कागदी. त्यावर हत्तीचं चित्र होतं म्हणून त्यांच्या बायकोने लग्नानंतर पसंत केलेला. ती लवकर गेली. मी एकदा विचारलं, याची आज किंमत किती? सर म्हणाले, "तुका विकत घेवंचो आसा?" मी पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि ती मी त्यांना कधी सांगितली नाही, आमच्यात तसं बोलत नाहीत.

पण सरांचं नाव निघालं की मला आधी बाबलीकाका आठवतात. लाटंबार्सेचे, काजूची बागायत करणारे, साठीच्या आसपासचे. काजी फुलावर होत्या तेव्हा एका सकाळी ते माडी चढून आले आणि कदेल पुढे केली तरी उभेच राहिले. म्हणाले, जमीन विकून मोठी रक्कम आली आहे, ती शेअरात घालायची. देवीचा कौल झाला आहे, उजवा. आता तुम्ही फक्त नाव सांगा, आणि दोन महिन्यांत दुप्पट होईल असंच सांगा.

आमच्याकडे देवीच्या मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. लग्नाचं विचारतात, विहिरीचं विचारतात, तर शेअरचं का नको. सरांनी हात जोडले. देवीला नाही म्हणणारे ते कोण? त्यांनी एवढंच विचारलं की दोन महिन्यांची घाई कशाला. "आसांच," बाबलीकाका म्हणाले. घरा जेवूक कधी येवं, सरांनी विचारलं. बाबलीकाका एकदम म्हणाले, "घरा नको."

हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. मला आतल्या बाजूला बोलावून म्हणाले, ह्याला आपण परत पाठवला तर फोनवर दुप्पट करून देणारे छप्पन्न बसले आहेत, संध्याकाळपर्यंत त्यातल्या एकाकडे हे पैसे जातील. मग बाहेर येऊन त्यांनी बाबलीकाकांना विचारलं, घरी नको तर देवळात येऊ? देवळात येऊ नका असं कोण कसं म्हणेल. स्कूटरवर आम्ही दोघं, पुढे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेले बाबलीकाका, असे लाटंबार्सेला गेलो.

गुरव पूजा आटोपून घरी निघाले होते. सरांचा प्रश्न ऐकून त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पैसे कुठे घालू असं सरांना विचारायचं नव्हतं. ह्या पैशांचं काम काय ते ह्या माणसाने मला सांगावं की सांगू नये, एवढंच विचारा, असं ते म्हणाले. गुरवांनी पाकळ्या लावल्या, वाऱ्याने पडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि गाऱ्हाणं घातलं, "देवी माये, तुझां लेकरू दारात उबां आसा. ह्या पैशांचां काम काय तां ताणी ह्या सरांक सांगचां काय ना, तां उत्तर दी." आणि आम्ही वाट बघत बसलो.

पाकळी पडेना. गुरव म्हणाले, कधी कधी देवी वेळ घेते. दुपार चढत गेली, देवळातही घाम फुटला. सर मांडी घालून डोळे मिटून बसले होते. मी मनातल्या मनात घरी जेवायला काय असेल याचा विचार करत होते. आणि कुणी काही न विचारता बाबलीकाका बोलायला लागले.

त्यांच्या दोन जमिनी होत्या. खालची पडीक भरड, काही न पिकणारी, आणि वरचा काजूचा डोंगर. भरड विकायची असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. आमच्या गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही, म्हणून काकीही सहीला डिचोलीत आली. आयत्या वेळी दलालाने बाबलीकाकांना बाहेर नेलं. घेणारा म्हणतो डोंगरासकट हवी, आजूबाजूच्या सगळ्यांनी विकली, उद्या तुमची वाट बंद होईल. रक्कमही अशी सांगितली की त्यांचं डोकं फिरलं. ते आत आले आणि काकीला काही बोलले नाहीत. काकीने त्यांनी बोट दाखवलं तिथे तिथे सही केली. भरड विकून आपण घरी निघालो असंच ती समजत होती. दलाल आता म्हणत होता, घेणारा दुप्पट पैशांना डोंगर परत देईल.

"ती आता टोपल्यो काडून पुसता, सर," बाबलीकाका म्हणाले. "काजी पडूक लागल्यो की ती वयर जातली. लग्न जावन इली तेन्नाच्यान जाता."

तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

गुरव कावरेबावरे झाले. सांगू नये असा देवीचा कौल, आणि माणूस सगळं सांगून बसलेला. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. सर मात्र उठले, देवीला नमस्कार केला आणि म्हणाले, "देवीचां बरोबर आसा. माका न्हय, बायलेक सांगूक जाय."

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकी अंगणात बसून खरंच टोपल्या पुसत होती. तिने आम्हाला सोप्यावर बसायला सांगितलं. बाबलीकाका खांब धरून उभे राहिले. मला वाटलं, शेवटी सरांनाच बोलावं लागणार. पण सरांनी अंगणातल्या तुळशीकडे तोंड केलं होतं आणि ते काही तोंड वळवेनात. शेवटी बाबलीकाका बोलले, आधी आडवळणाने, मग सरळ.

"वयरचांय?" काकीने विचारलं.

"वयरचांय."

काकीने हातातली टोपली पुसून पुरी केली आणि बाकीच्यांवर पालथी घातली. "थंय माझी सही आसा मगे," ती म्हणाली. नवऱ्याने मान हलवली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. ती सरांकडे वळली आणि तिने विचारलं, ह्या पैशांनी डोंगर परत येईल का?

हा प्रश्न सरांना आयुष्यभर लोक वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले होते, आणि ते कधी भेंडीचा भाव सांगून, कधी कढी मागून त्यातून निसटत होते. तिला त्यांनी सरळ सांगितलं. "ना. येवचो ना."

मला त्यांचा संताप आला. बघूया म्हणायला काय झालं होतं? काकीने टोपल्या उचलून भिंतीला लावून ठेवल्या. मग म्हणाली, "तर पैशे माझ्या नावार घालात. आणि जेवून वचात." आम्ही जेवलो. नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, भात मात्र तिने त्यांना न विचारता वाढला.

परतताना मी सरांना बोलायचं ते बोलले. थोडी आशा दिली असती तर तुमच्या खिशातलं काय जात होतं, असं. सर मागून म्हणाले, दलालाने तिला गोड सांगितलं, नवऱ्याने गोड सांगितलं, मी पण गोड सांगू? मग मुळगावचा गतिरोधक आला तरी ते "देवी माये" म्हणाले नाहीत. आरशात बघितलं तर रडत होते.

निम्म्याहून जास्त पैसे त्यांनी बँकेतच ठेवायला लावले, ज्याचे आम्हाला काही मिळत नाही. उरलेले एका साध्या, जुन्या, कंटाळवाण्या फंडात, काकीच्या नावाने. त्या साली डोंगराला फाटक लागलं. काकी हंगामभर नवऱ्याशी बोलली नाही. बाबलीकाका अधूनमधून माडीवर येऊन बाकड्यावर बसायचे, सर त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे, खालून गरम पाव मागवायचे आणि अर्धा त्यांना द्यायचे. शेअर, फंड, जमीन, कशाचं बोलणं नाही. पाव खाऊन झाला की बाबलीकाका उठून बस धरायचे.

पुढे सरांचे पाय गेले. ते मुळगावला बहिणीकडे राहायला गेले आणि ऑफिस माझ्याकडे आलं. मी टीव्ही काढून टाकला, छत्रीसाठी खुंटी ठोकली.

काही वर्षांनी काकी एकटीच माडी चढून आली आणि म्हणाली, पैसे काढायचे आहेत. डोंगर घेणाऱ्याचं काही जमलं नव्हतं, तो आता तुकडे करून विकत होता. खालचे, रस्त्याकडचे तुकडे हातोहात गेले. माथ्यावरचा खडकाळ कोपरा, जिथे गाडी जात नाही, तो कुणाला नको होता. तिथे तिची काही झाडं उभी होती, पण रान मारायला, म्हणजे झाडांखालची झुडपं कापायला, कुणी नसल्याने झुडपांत बुडालेली. बँकेतले पैसे घरात आणि आजारपणात बरेच संपले होते, फंडातले तसेच पडून राहून वाढले होते. मी हिशेब केला. पुरत होते, अगदी जेमतेम. सहीच्या आदल्या दिवशी काकीने मला घरी बोलावलं आणि खरेदीखत मोठ्याने वाचायला लावलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दोघांच्या देखत. मग म्हणाली, परत वाच.

सही झाल्यावर ती म्हणाली, सरांना सांगूया. त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत, म्हणून ती दुपार माझ्या मनात नीट राहिली आहे. काकी माझ्या स्कूटरवर बसली, बाबलीकाका मागून बसने निघाले. सर बहिणीच्या सोप्यावर आरामखुर्चीत पडून होते, अगदी वाळलेले. काकीने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि परत सांगायला लावलं. तिने परत सांगितलं.

"तुमी ना म्हणिल्लास," काकी म्हणाली. "येवचो ना म्हणिल्लास."

"म्हणिल्लंय," सर म्हणाले. "चुकलंय गो बाय मी." स्वतः चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग धंद्याची सवय जाईना, त्यांनी विचारलं, नाव कुणाचं घातलं?

बाबलीकाका तेव्हाच पोचले होते. चपला काढून अंगणातच उभे होते, पायरी चढत नव्हते. काकीने मागे वळून पाहिलंही नाही.

"दोगांचां," ती म्हणाली. "रान मारूक तोच जाय मरे."

बाबलीकाका वर आले. सोप्यावर ती थोडी सरकली आणि ते तिच्या शेजारी बसले. सरांनी डोळे मिटून घेतले होते. आम्हाला वाटलं त्यांना झोप लागली, पण ते हसत होते.